सरासरी गिऱ्हाईक दुकानात येत नाही

कल्याणजवळच्या लष्करी छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, पण छावणीचे आकडे काही गेले नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं ज्या बरॅकींत राहिली, त्यांच्या वस्त्या आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच अशाच ओळखल्या जातात. पत्ता सांगताना इथला माणूस आधी कॅम्पचा नंबर सांगतो, मग रस्त्याचं नाव. धंदेही असेच वाटले गेले. कापडाला गजानंद मार्केट, जीन्सला कॅम्प पाच. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुणाऱ्या कारखान्यांवर कारवाई झाली, धुलाई लांब गेली, तरी भाव अजून इथेच ठरतो.

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. एक आहे कॅम्प पाचमधला जीन्सवाला शेठ. तिसरी पिढी, मराठी साफ, चिडला की हिंदी, नोटा मात्र सिंधीत मोजतो. दुसरी बदलापूरची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, शेठचं ऑनलाइन दुकान सांभाळणारी. त्यांच्या हिशेबातले आकडेही सोयीसाठी घेतलेले आहेत. वाद तेवढा खरा आहे. जिथे जिथे ए-बी टेस्ट, म्हणजेच स्प्लिट टेस्ट चालते, तिथे आज ना उद्या तो होतोच.

टेस्ट साधी होती. साइटवर येणाऱ्या निम्म्या लोकांना जुनं पान दाखवायचं, निम्म्यांना नवं. कोणाला कुठलं, ते चिठ्ठी टाकून ठरवावं तसं कॉम्प्युटर ठरवणार. नव्या पानावर सगळ्यात वर सेटचा भाव होता, २८, ३०, ३२, ३४ आणि ३६ कमरेचे पाच नग एकत्र. एका नगाचा भाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात. चार आठवड्यांनी निकाल आला आणि शेठचा पारा चढला.

शेठ: महिना घालवला, मॅडम, आणि तुम्ही सांगता काय, तर फरक नाही?

ती: दोन्ही पानांवर शंभरात दोनच ऑर्डर येतात, शेठ. नव्या पानानं बिघडवलं नाही आणि सुधारलंही नाही.

शेठ: हे झालं सरासरीचं बोलणं. सरासरी गिऱ्हाईक माझ्या दुकानात आजपर्यंत आलेलं नाही. एक दिवस गल्ल्यावर बसा. माणूस पायरी चढतो तेव्हाच कळतं. जीन्स हातात घेतली की आधी उलटी करतो, आतली शिलाई बघतो, चेन दोनदा वरखाली करतो, ती पार्टी, ठोक घेणारी. त्याला सेटचा भाव सांगायचा आणि उधारीचं विचारलं की फोनवर बोलायला लागायचं. दुसरा जीन्स घेतो आणि थेट आरशाकडे जातो. तो एक नगवाला. त्याला सेटचा भाव सांगितला तर तो बूट न घालताच पळेल. तुम्ही दोघांना एका पोत्यात भरलं. पार्टी खूश झाली असेल, आरशावाला पळाला असेल, बेरीज शून्य. फरक नाही कसं म्हणता?

ती: असं झालेलं असू शकतं.

शेठ: असू शकतं नाही, झालंय. निकाल फोडून दाखवा.

ती: फोडला. काल रात्री घरी बसून तेच केलं. मोबाइलवरून आलेले आणि कॉम्प्युटरवरून आलेले, पहिल्यांदा आलेले आणि परत आलेले, अँड्रॉइड, आयफोन, इन्स्टाग्रामवरून, गूगलवरून, सकाळचे, रात्रीचे, सातही वार, आणि यांतल्या काहींची सरमिसळ. वीसच्या वर गट झाले. त्यातल्या एका गटात नवं पान जोरात चाललंय. मंगळवारी रात्री आयफोनवरून येणाऱ्यांत ऑर्डरी दीडपट.

शेठ: मग त्यांना उद्यापासून नवं पान दाखवा! वाट कसली बघता?

ती: तुमची रास कुठली, शेठ?

शेठ: तूळ. त्याचा काय संबंध?

ती: मग तुम्हाला हार्ट अटॅक आला तर अॅस्पिरिन देऊ नका, असं मी डॉक्टरांना सांगू?

ती थट्टा करत नव्हती. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराच्या झटक्यावरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, आयसिस-२. रुग्ण १७,१८७. अॅस्पिरिननं मृत्यू स्पष्टपणे कमी होतात, हे तिनं दाखवलं. छापण्याआधी संपादकांनी निकाल वेगवेगळ्या गटांत फोडून मागितला. संशोधकांना हे फोडणं धोक्याचं वाटत होतं, म्हणून त्यांनी आपणहून आणखी एक फोड जोडली, जन्मराशींची. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. बाकीच्या दहा राशींना भरपूर फायदा. राशीचा अॅस्पिरिनशी काडीचा संबंध नाही, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि वाचणाऱ्यांनाही. गट पाडत गेलं की एखादा गट निव्वळ योगायोगानं उलटा निघतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. गेल्या शतकातल्या संख्याशास्त्रातला इतका गंभीर विनोद मला दुसरा माहीत नाही.

ती: आपण शंभरात पाच वेळा फसायची तयारी ठेवून निकाल लावतो. एकच प्रश्न विचारला तर ठीक आहे. वीस गट तपासले, आणि समजा कुठेच खरा फरक नसला, तरी निदान एका गटात खोटा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. तुमचा मंगळवारचा आयफोनवाला त्या चौसष्टातला आहे.

शेठ: मान्य. मंगळवार सोडला, आयफोन सोडला. पण ठोक आणि किरकोळ ही काय रास आहे? हे मी अहवाल बघून शोधून काढलं नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आम्हाला माहीत आहे.

इथे मला शेठची बाजू घ्यावीशी वाटते. या विषयात शिकलेली माणसं एवढी घाबरवून सोडलेली असतात, की गट हा शब्द ऐकला तरी त्यांना राशी दिसायला लागतात. शेठनं सांगितलेला गट टेस्टच्या आधीपासूनचा आहे, त्यामागे कारण आहे, आणि फरक कोणत्या दिशेला पडेल हेही तो आधीच सांगतोय: पार्टी वाढेल, एक नगवाला घटेल. असा गट तपासून न बघणं हीसुद्धा चूकच.

ती: हे मला पटलं. पण आता मला सांगा, पडद्यावर मला पार्टी ओळखू कशी येणार? तिथे ना शिलाई उलटी करणारा हात दिसत, ना आरसा.

शेठ: सोपं आहे. जीएसटी नंबर टाकतो तो ठोक. बाकी किरकोळ.

ती: जीएसटीचा रकाना नव्या पानावर सेटच्या भावाखालीच आहे, ठळक. जुन्या पानावर तो पार शेवटी, पैसे भरताना येतो. म्हणजे नव्या पानावर नुसता बघायला आलेला छोटा दुकानदारही नंबर टाकून बसतो. जुन्या पानावर विकत घ्यायचं पक्कं केलेला तेवढाच टाकतो. आता दोन्हीकडच्या जीएसटीवाल्यांची तुलना केली तर काय होईल? जुनं पान जिंकेल. कारण तिथल्या जीएसटीवाल्यांत रिकामे बघे नाहीतच. गट तुम्ही पाडलेला नाही, पानानंच पाडलाय.

शेठ: थांबा. पुन्हा सांगा.

ती: जो गट पान बघितल्यानंतर तयार होतो, त्यात पानाचाच हात असतो. म्हणून त्या गटात पानांची तुलना करायची नाही. माणूस पान उघडायच्या आधी जसा होता, त्यावरूनच गट पाडायचा. कुठून आला, कुठल्या फोनवर आला, आधी कधी माल घेतलाय का. 'कार्टमध्ये टाकणारे', 'तीन पानं बघणारे', 'साइज चार्ट उघडणारे', हे सगळे गट अहवालात छान दिसतात आणि सगळे फसवतात.

हा मुद्दा तिनं एका दमात सांगितला, म्हणून वाचकानं घाईनं पुढे जाऊ नये. माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. राशीचा घोटाळा निदान पकडता येतो: पुन्हा टेस्ट घेतली की मंगळवारचा आयफोनवाला गायब होतो. जीएसटीचा घोटाळा पुन्हा टेस्ट घेतली तरी तसाच राहतो. दहा वेळा घ्या, दहाही वेळा जुनं पान जिंकेल, आणि दहाही वेळा ते खोटं असेल. चिठ्ठ्या टाकून जी बरोबरी साधली होती, ती गट पाडतानाच मोडलेली असते.

आधी आणि नंतर यातला हा भेद शहाणपणानं पाळल्याचं एक उदाहरण लोकलच्या टप्प्यातच आहे. 'प्रथम' या संस्थेनं मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना शिकवायला वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या, त्या बालसखी. कुठल्या वर्गाला बालसखी द्यायची हे चिठ्ठीच्या पद्धतीनं ठरवून अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात परिणाम मोजला. निबंध २००७ साली आला. सगळ्या मुलांच्या सरासरीत फायदा दिसलाच, पण खरा फायदा खालच्या मुलांचा झाला. आता 'खालची मुलं' कोण? वर्षाच्या सुरुवातीला, बालसखी यायच्या आधी, घेतलेल्या परीक्षेत ज्यांना कमी गुण होते ती. वर्षाच्या शेवटी जे मागे राहिले ते नव्हेत. तो गट शेवटच्या गुणांवर पाडला असता तर सगळा अभ्यास वाया गेला असता.

शेठ: शाळा ठीक आहे. माझ्याकडे परीक्षा कोण देणार?

ती: शाळा नको तर शेत घ्या. ही सगळी विद्या शेतातूनच आलीये. एका शेतात दोन वाणांची तुलना करायची, तर शेताला उतार असतो, एका बाजूला ओल जास्त. मग आधी शेताचे पट्टे पाडायचे, एका पट्ट्यात जमीन सारखी येईल असे, आणि प्रत्येक पट्ट्यात दोन्ही वाण चिठ्ठी टाकून पेरायचे. पट्टे पेरणीच्या आधी. पीक उभं राहिल्यावर, बरं आलेलं बघून नाही.

पट्ट्यांच्या या विद्येला मराठी माणसांनी मोठा हातभार लावलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांच्याकडे शिकले. शेतात जे पट्टे, तेच पाहणीत स्तर. नेमननी १९३४ साली लोकसंख्येचे आधी स्तर पाडून मग प्रत्येक स्तरातून नमुना घेण्याची पद्धत पक्क्या पायावर उभी केली. पुढच्याच वर्षी सुखात्म्यांचा निबंध आला: कुठल्या स्तरातून किती नमुने घ्यायचे, आणि स्तरातला चढउतार आधी माहीत नसेल तर काय करायचं. पुढे त्यांनी आणि व्ही. जी. पानसे यांनी मिळून शेतकी कामकऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींचं जे इंग्रजी पुस्तक १९५४ साली लिहिलं, त्यावर देशातल्या कृषी महाविद्यालयांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. वेबसाइटवाल्यांना आज जे नवं वाटतं, ते ज्वारीच्या रानात जुनं झालेलं आहे.

शेठ: म्हणजे गट पाडायचे, पण आधी. हेच तर मी म्हणत होतो.

ती: तुम्ही 'निकाल फोडून दाखवा' म्हणत होतात.

शेठ: शब्दात पकडू नका. पण मला एक सांगा, न फोडता नुसती बेरीज बघितली तर तुम्ही सुरक्षित असता? बेरीज कधी फसवत नाही?

ती: फसवते. माझ्याच हातून होण्यासारखी चूक सांगते. समजा बुधवारी आपण घाबरून नवं पान फक्त दहा टक्के लोकांना दाखवलं. दहा हजार आले. जुनं पान नऊ हजारांना, ऑर्डरी २७०. नवं एक हजाराला, ऑर्डरी ३२. नवं पुढे. धीर आला म्हणून रविवारी निम्मे-निम्मे केले. रविवारी लोक दुप्पट येतात पण नुसते बघतात. जुनं दहा हजारांना, ऑर्डरी १००. नवं दहा हजारांना, १२०. पुन्हा नवं पुढे. आता बेरीज करा.

शेठ: जुनं... एकोणीस हजारांत ३७०. नवं अकरा हजारांत १५२. अरे!

ती: जुनं शंभरात जवळजवळ दोन, नवं दीडसुद्धा नाही. दोन्ही दिवशी जिंकलेलं पान बेरजेत आपटलं, कारण नव्या पानाच्या वाट्याला रविवारचे बघे जास्त आले. वाटणीचं प्रमाण मध्येच बदललं तर दिवस हाच गट धरून हिशेब करावा लागतो. त्यापेक्षा प्रमाण मध्येच बदलायचंच नाही.

शेठनं हा हिशेब कागदावर दोनदा करून बघितला. मग त्यानं वेगळाच मोर्चा उघडला.

शेठ: मला गावाप्रमाणे पान पाहिजे. उल्हासनगर ४२१००१ ते ४२१००५, अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३. तिन्ही गावांचं गिऱ्हाईक वेगळं. बदलापूरचा माणूस मुंबईला नोकरीला जातो, लोकलमध्ये फोन बघतो, ऑफिसात चालेल अशी गडद निळी घेतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, एमआयडीसी, तिथे टिकाऊ माल मागतात. उल्हासनगरचा माणूस ऑनलाइन घेईलच कशाला, तो दुकानात येऊन घासाघीस करेल.

ती: अंदाज झकास आहे. पण बदलापूर अहवालात दिसतंय कुठे? मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आलेला माणूस बहुतेक वेळा नुसता 'मुंबई' म्हणून दिसतो. मी स्वतः घरी बसून साइट उघडली तरी मुंबईच. आणि बदलापूर ते सीएसएमटी जवळजवळ ६८ किलोमीटर. सकाळी लोकलमध्ये मोबाइलवर बघणारा रात्री घरच्या लॅपटॉपवर ऑर्डर देतो. अहवालात ती दोन माणसं होतात. एकानं जुनं पान बघितलं, दुसऱ्यानं नवं, ऑर्डर एकाची.

शेठ: पिनकोड तर ऑर्डर देताना टाकतातच की.

ती: जे ऑर्डरपर्यंत पोचतात ते टाकतात. आणि कोण पोचेल हे पानावर अवलंबून. पुन्हा तोच जीएसटीचा खड्डा. पाहिजे असेल तर पिनकोड दारातच विचारू, दोन्ही पानांच्या आधी. पण दारात प्रश्न विचारला की काही लोक दारातूनच परततात, ते नुकसान मोजून घ्या. आणि गावाप्रमाणे भाव बदलायला सांगणार असाल तर मी ते करणार नाही, आत्ताच सांगते.

शेठ: भाव बदलायचा मी विचारच केला नव्हता.

(केला होता. दुकानदारानं असा विचार केला नाही, यावर कॅम्प पाचमध्ये कोणाचा विश्वास बसणार नाही.)

शेठ: बरं, भाव सोडा. पण तुमच्या सगळ्या हिशेबात मुळातच एक खोट आहे. तुम्ही ऑर्डरी मोजता. मी पैसे मोजतो. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी बघा. पोरं रात्री ऑर्डर टाकतात, माल दारात गेला की फोन उचलत नाहीत, आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', होऊन गठ्ठा परत माझ्याकडे. जायचं भाडं मी दिलं, यायचं मी दिलं, जीन्स चुरगळली ती वेगळी. पार्टीची ऑर्डर परत येत नाही, ती उधारीत अडकते. तुमच्या पानानं ऑर्डरी वाढवल्या आणि आरटीओ त्याहून वाढवले, तर तुमच्या अहवालात हिरवा रंग आणि माझ्या गल्ल्यात उंदीर.

यावर ती बराच वेळ बोलली नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण शेठचं बरोबर होतं. फोडायचं काय यावर एवढी डोकेफोड करणारे मोजायचं काय हे बहुतेकदा टूलवर सोडून देतात. क्लिक मोजणं सोपं म्हणून क्लिक, ऑर्डर लगेच दिसते म्हणून ऑर्डर. पोचलेला आणि ठेवून घेतलेला माल मोजायचा तर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं.

ती: हे धरू. ऑर्डर मोजायची नाही, परत न आलेला माल मोजायचा. आता माझा एक हिशेब ऐका, मग ठरवू. शंभरात दोनची ऑर्डर दोन पूर्णांक चार झाली, हा फरक खात्रीनं पकडायचा तर प्रत्येक पानाला साधारण वीस हजार माणसं लागतात. दोन पानांना चाळीस हजार. आपल्याकडे दिवसाला पंधराशे येतात. म्हणजे सत्तावीस दिवस.

शेठ: तेवढेच घालवले तुम्ही.

ती: हो. आता चार सारखे गट पाडून प्रत्येकाचा वेगळा निकाल पाहिजे असेल तर प्रत्येक गटाला चाळीस हजार. साडेतीन महिने. आणि त्यातही एका गटात फरक दिसला, दुसऱ्यात दिसला नाही, एवढ्यावरून ते दोन गट वेगळे ठरत नाहीत. दोन गटांमधला फरकच मोजायचा तर माणसं आणखी लागतात. दिवसाला कोटी माणसं येतात त्या कंपन्यांना हे परवडतं. आपल्याला नाही.

शेठ: म्हणजे गरिबानं गट पाडूच नयेत?

ती: गरिबानं एकच पाडावा. नीट विचार करून.

शेठ: मग माझा ठोकच. आणि ओळखायचं कसं ते आता माझ्याकडून ऐका. माझ्या पार्ट्यांना नवा माल आला की मी स्वतः व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवतो. सहाशेच्या आसपास पार्ट्या आहेत, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोलीपर्यंत. निम्म्यांना एक लिंक पाठवली, निम्म्यांना दुसरी, तर? पान उघडायच्या आधीच मला माहीत आहे तो कोण आहे.

तिनं पेन खाली ठेवलं. सगळी संध्याकाळ तिला जे सापडत नव्हतं, ते शेठच्या फोनमध्ये पडून होतं.

ती: आणि त्यांच्यातले ऑर्डर किती देतात?

शेठ: नवा लॉट पाठवला की शंभरात वीस तरी घेतात.

ती: मग सहाशे पुरतात! ऐका. दोनाचे दोन पूर्णांक चार शोधायला हजारो लागतात. वीसचे तीस झालेत का, हे बघायला प्रत्येक बाजूला तीनशे पुरे. वीसचे बावीस झाले तर ते आपल्याला दिसणार नाही, हे मात्र आधीच कबूल करायचं. यादी तुम्ही द्या, चिठ्ठ्या मी टाकते. माणसावर टाकायच्या, भेटीवर नाही. एक पार्टी दहा वेळा आली तरी तिला एकच पान.

शेठ: पण एक भानगड होणार. बदलापूरला स्टेशनजवळचे माझे दोन दुकानदार रोज एकत्र चहा पितात. एकाला वर सेटचा भाव दिसला, दुसऱ्याला नाही, तर अर्ध्या तासात मला फोन: शेठ, मला वेगळा भाव लावता का?

ती: भाव तोच आहे, नुसता वर-खाली.

शेठ: ते तुम्ही त्याला फोनवर समजावा.

ही भानगड खरी आहे, आणि तिला स्वच्छ उपाय नाही. एकमेकांशी बोलणाऱ्यांना एकाच बाजूला ठेवायचं, तर चिठ्ठी माणसावर न टाकता गावावर टाकावी लागते. मग सहाशे पार्ट्यांची वीस-पंचवीस गावं होतात आणि तीनशेचा हिशेब कोसळतो. तिनं मधला मार्ग काढला. शेजारी दुकानं असलेल्या पार्ट्यांच्या जोड्या शेठनं यादीत खुणेनं दाखवायच्या आणि जोडी एकाच बाजूला टाकायची. चोख नाही, पण चालेल.

या भांडणात कोण जिंकलं असं मला विचाराल तर गट कुठला, हे शेठला ठाऊक होतं. तो कधी पाडायचा, हे तिला. टूल विकणारे या दोघांपैकी कोणाचंच ऐकत नाहीत. ते टेस्ट संपल्यावर पन्नास गटांचा रंगीत तक्ता देतात आणि त्यातला हिरवा रकाना ज्याचा त्यानं शोधायचा.

टेस्ट दिवाळीनंतर सुरू होईल. दिवाळीआधीचं गिऱ्हाईक वर्षभराचं गिऱ्हाईक नसतं, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. कागदावर तीन ओळी लिहिल्या गेल्या: गट एकच, जुन्या पार्ट्या; मोजायचा परत न आलेला माल; आणि ठरलेल्या तारखेआधी निकाल उघडायचा नाही, कारण रोज डोकावून जिंकताना थांबणारा माणूस सहज खोट्या विजयावर थांबतो. शेठनं खाली सही केली आहे. पहिल्या दोन ओळी तो पाळेल. तिसरी पाळेल असं मला वाटत नाही, म्हणून निकालाचा पासवर्ड तिनं स्वतःकडेच ठेवावा.